ओकाचं कोरं पान

जपानमधल्या क्यूशू बेटावरच्या सगळ्या किल्ल्यांचे शिक्के बाबांच्या वहीत होते. ओका किल्ल्याचं पान तेवढं कोरं. आधी माथा गाठायचा, मगच शिक्का, हा त्यांचा नेम. त्यांच्या लेकीचे, फुमिकाचे, लहानपणीचे रविवार त्यातच सरले. आज गुडघ्यांपायी ते तिकीटखिडकीशीच बसले. “आजोबा, शिक्का इथंच आहे, मारून टाका की!” खिडकीतली बाई म्हणाली. “वर न जाता? माझी लेक जाईल.” आपल्या तीन वर्षांच्या मुलीला, कोहारूला घेऊन फुमिका चढली. तटाखाली दरी, कठडा कुठेच नाही. कोहारू हात सोडवून कड्याकडे धावली. फुमिका तिला कसंबसं पकडून तिथूनच परतली. “गाठलास माथा?” बाबांनी शिक्का उचलला. ‘हो’ ओठांवर आलं. “नाही बाबा. ही धावली, माझा धीरच सुटला.” बाबांनी वही मिटली. “तूही धावली होतीस, हिच्याएवढी असताना. मीही तिथूनच परतलो. नंतर आठवडाभर तुझा हात सोडला नाही मी.”