कॉलरची पिन

मैत्रीण गच्चीवरून पडून गेली, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, तापाने घरी झोपून होते. पुढे त्यावरच कादंबरी लिहिली. लोकांनी कल्पनाशक्तीचे गोडवे गायले. काल तिच्या आईने बोलावून घेतलं. काकू अजून कपडे शिवतात. मशीनवर माझं पुस्तक उघडं होतं. "छान लिहिलंयस हो. ती पडते तेव्हा तिच्या कॉलरची सेफ्टीपिन मैत्रिणीचा तळहात फाडते, तिथे तर अंगावर काटाच आला." "असंच सुचलं, काकू." "त्या दिवशी निघताना तिचं बटण तुटलं. पिन मीच लावली, दारात. तशीच ती गच्चीवर गेली. पिन नंतर सापडली नाही. कुणाला बोलले नव्हते." मी मूठ मिटली. काकूंनी ती उघडून जुन्या व्रणावर अंगठा टेकवला. "एवढंच सांग बाळा, धरत होतीस की ढकलत होतीस?" तेवढंच मात्र मला खरोखर आठवत नाही.