दोन आटे

"डिझेलची घ्यावी म्हणतो," आबासाहेब म्हणाले, आणि त्यांचा ड्रायव्हर कमरुद्दीन घाईनं दुसऱ्या लॉरीकडं वळला.

लढाई संपली तशा नगरच्या छावणीत जुन्या लॉऱ्या विकायला निघाल्या होत्या. आबासाहेबांची जुनी लॉरी मोडीत निघाली होती, कोपरगावचा ऊस वाहायला त्यांना एक हवी होती. दोन मनात भरल्या. एक पेट्रोलची, एक डिझेलची.

"पेट्रोल कुपनावर मिळतंय, ते बी पुरत न्हाई. तुला काय वाटतं?"

"डिझेल लई हट्टी, मालक. थंडीत सुरूच व्हत न्हाई."

खरं दुखणं निराळंच होतं. बारा वर्षं त्यानं आबासाहेबांची लॉरी हाकली, पण डिझेलमधलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं. तसला ड्रायव्हर आणला की याला नारळ! पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दुसरं कोण दारात उभं करणार? घरी बायको रोशनबी आणि खाणारी पाच तोंडं.

आबासाहेब लॉऱ्या विकणाऱ्या लष्करी साहेबाच्या खोलीत गेले. खिडकीतून कमरुद्दीन बघत होता. साहेबानं माणसाचं नाव विचारलेलं ऐकू आलं, आबासाहेबांनी ते कागदावर लिहून कागद खिशात ठेवला.

झालं! ड्रायव्हर ठरलासुद्धा. मालकांनी आपल्याला विचारलं ते नुसतं तोंडदेखलं.

बरोबर आलेले जावईबापू श्रीमंतराव पेट्रोलच्या लॉरीत बसून भोंगा वाजवत होते. सासऱ्याची मोटार उडवण्यापलीकडं त्यांना उद्योग नव्हता. दुसरं कुणी आसपास नव्हतं. कमरुद्दीननं डिझेलच्या लॉरीचं बॉनेट उचललं. तेलाची नळी कुठली, एवढं त्याला कळत होतं. तिचा नट त्यानं दोन आटे सैल केला.

"या अल्ला, माफ कर."

आबासाहेब बाहेर आले. छावणीतल्या हवालदारानं डिझेलची लॉरी सुरू करायला घेतली. ती खोकली, धूर ओकली, गप्प झाली. हवालदार घामाघूम झाला, पण बया काही हलेना. आबासाहेबांचं तोंड उतरलं.

"मी म्हटलंच हुतं, मालक," कमरुद्दीन खाली बघत म्हणाला.

पेट्रोलची एका दमात सुरू झाली. सौदा तिचाच ठरला. कमरुद्दीनचा जीव भांड्यात पडला. खांद्यावरच्या पंच्यानं सीट पुसून तो चढायला लागला.

"थांब," आबासाहेब म्हणाले. "ही श्रीमंतराव चालवतील. जावयाला काम द्या म्हणून लेकीनं डोकं उठवलंय. पेट्रोलची त्यांना येती. आता न्हाई कसं म्हणू?"

त्यांनी खिशातून तो नावाचा कागद काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"डिझेलची घेतली असती, तर साहेब एका मानसाला महिनाभर शिकवनार हुता. तुजं नाव दिलं हुतं रे."