अर्धी दाढी

"तीन तासांचा आहे," टीव्ही लावत धाकटा म्हणाला. "जुना, गाजलेला. दारूबंदीच्या काळातल्या गुंडांचा."

"तुला कधीपासून रे गुंडांची हौस?" थोरला खुर्चीत बसला. चष्मा काढून त्यानं आरशाखालच्या फळीवर ठेवला. "घरात एक आहे तेवढा पुरत नाही वाटतं."

धाकट्यानं त्याच्या गळ्यात कापड बांधलं. दोघा भावांचं सलून आज बंद होतं, शटर अर्धं खाली. सुट्टीच्या दिवशी दुपारी एकमेकांची दाढी करायची, हा वडिलांनी घालून दिलेला नेम. गेले चार महिने दोघांमध्ये विस्तव जात नव्हता, तरी नेम काही चुकला नव्हता.

भांडण दुकानाचं होतं. शेजारच्या बेकरीवाल्याला मधली भिंत पाडून दुकान वाढवायचं होतं. धाकटा विकायला एका पायावर तयार होता, पण थोरल्याच्या सहीशिवाय गाडी हलत नव्हती. विषय काढला रे काढला की थोरला चपला घालून चालू पडायचा. मग धाकट्यानं डोकं लढवलं. गळ्यात कापड, एक गाल साफ, दुसऱ्यावर फेस. असला अवतार घेऊन माणूस जाईल कुठे? चार वाजता बेकरीवाला कागद घेऊन येणार होता. तोवर थोरल्याला खुर्चीत अडकवून ठेवायचं. सिनेमा धाकट्यानंही पाहिला नव्हता, नुसती लांबी बघून निवडला होता.

आधी त्यानं केस कापायला घेतले. एक कानशील सरळ करायला पाऊण तास लावला.

"शेत नांगरतोयस का रे?" थोरला खेकसला.

पडद्यावर दुधाच्या गाडीतून दारूची पिंपं उतरत होती. "बंदी म्हणे! पोलिसापासून न्यायाधीशापर्यंत सगळे टुन्न आहेत." थोरल्याला सिनेमा चढायला लागला होता. "तो पांढऱ्या टोपीवाला काय म्हणाला?"

"खाली लिहून येतंय की."

"चष्म्याशिवाय मला अक्षरं दिसत नाहीत. माणसं तेवढी दिसतात."

पांढऱ्या टोपीवाला हा टोळीचा म्होरक्या. त्याचा जिवलग दोस्त त्याच्या पाठीवर हात टाकून हसत होता, लिहून आलेलं सगळं मायेचं होतं. धाकटा ते वाचून दाखवत होता आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. चारला दहा कमी. त्यानं फेस लावला, डावा गाल सफाईनं उतरवला आणि वस्तरा खाली ठेवला.

"का थांबलास?"

"टॉवेल गरम करतो."

टोपीवाला आता एका सलूनमध्ये शिरला होता. टोपी काढून तो खुर्चीत बसला, दाराकडे पाठ करून. तिथल्या कारागिरानं फेस लावला, एक गाल उतरवला, वस्तरा पुसला. मग वाफाळता टॉवेल उचलून त्यानं गिऱ्हाइकाचं तोंड डोळ्यांसकट झाकलं.

"मेला!" थोरला ओरडला.

"कोण?"

"हा खुर्चीतला. अरे, अर्ध्या दाढीवर टॉवेल? एक तर आधी टाकतात, केस मऊ करायला, नाहीतर सगळं उरकल्यावर. तो कारागीर फुटलाय."

पडद्यावरचा कारागीर दोन पावलं मागे सरकला. दार उघडलं. गोळ्या सुटल्या. दारात तो जिवलग दोस्त उभा होता.

"बघ! अक्षरं वाचून तुला कळलं नाही," थोरला खुशीत म्हणाला. "मी हात बघत होतो."

थोरल्यानं आरशात पाहिलं. धाकटा त्याच्या खांद्यामागे उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत टॉवेल होता आणि त्यातून वाफ निघत होती.

थोरल्यानं एकदा टॉवेलकडे पाहिलं. मग उजव्या गालावरून बोट फिरवलं. बोटावर फेस आला.

"कोण येणार आहे?"

"दादा, ऐक तरी..."

शटरवर टकटक झाली. बेकरीवाला वाकून आत आला, काखेत कागदांची फाईल. "झालं का बोलणं?" त्यानं हसतमुखानं विचारलं.

धाकट्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. थोरला उठला. चष्मा डोळ्यांवर चढवला, आरशात आपलं अर्धं तोंड नीट पाहून घेतलं. कापड गळ्यात तसंच होतं.

"दुकान चांगलं आहे," तो बेकरीवाल्याला म्हणाला. "हा कारागीर मात्र ठेवू नका."

"दादा, अशा तोंडानं बाहेर जाऊ नकोस. लोक काय म्हणतील? दाढी तरी पुरी करू दे."

"तुझ्या हिश्श्याची झाली," थोरला म्हणाला आणि शटरखालून वाकून भर रस्त्यात उतरला.

समोरच्या फुटपाथवर दुसरं सलून होतं. तीस वर्षं त्या सलूनशी यांचं हाडवैर, त्याच्या पायरीवर दोघांपैकी कुणी कधी पाय ठेवला नव्हता. रस्त्यातली माणसं थांबून बघत होती, एकदोघं हसलीही. थोरला कुणाकडे न बघता ती पायरी चढला.

धाकटा शटरखालून वाकून समोरच्या काचेतून बघत राहिला. समोरच्या म्हाताऱ्या कारागिरानं एक प्रश्नही विचारला नाही. थोरल्याच्या गळ्यातलं कापड सोडून त्यानं झटकलं, घडी करून बाजूला ठेवलं आणि स्वतःचं बांधलं. तो खुर्ची आरशाकडे वळवायला गेला, तसा थोरल्यानं त्याचा हात धरला.

खुर्ची दाराकडे तोंड करूनच राहिली.