नुसत्या स्पिरिटची बशी

प्रयोगशाळेत एका झाडाच्या पाल्याच्या अर्काने काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या, ही बातमी पेपरात यायच्या आधी तो प्रयोग करणाऱ्या लेकीने आईला सांगितली. आईला तोच आजार होता. तिने दवाखान्यातली इंजेक्शनं सोडली आणि पाला उकळून प्यायला लागली.

महिन्याभराने लेक घाईघाईने घरी आली. "आई, अर्क स्पिरिटमध्ये काढला होता. तुलनेसाठी नुसत्या स्पिरिटची बशी लावायची माझ्याकडून राहिली. परवा लावली, तर तिच्यातल्याही पेशी मेल्या. पाल्याचा गुण नव्हता तो. उद्याच दवाखान्यात चल."

"डॉक्टरांनी पढवून पाठवलं वाटतं तुला," आई हसली.

तिने कौतुकाने दवाखान्याची फाइल उघडून दाखवली. पुढच्या इंजेक्शनच्या तारखेवर लेकीचा पेपरातला फोटो चिकटवला होता.