उजवीकडे वळा

भास्करकाका खोटं बोलतायत, याबद्दल तनयाला आता शंकाच उरली नव्हती. अंध पेशंटना कानात वाट सांगणारा हॉस्पिटलचा नकाशा तिने बनवला होता आणि स्वतः अंध असलेले काका तो रोज चालून तपासत होते. लॉकडाऊनमुळे भेटायला येणाऱ्यांना बंदी होती. काकांकडे मात्र टेस्टरचा पास होता. रोज त्यांची एकच तक्रार, "स्ट्रोक वॉर्डापाशी तुझं ॲप चुकतं गं." तनयाने डोळ्यांवर पट्टी बांधून तीच वाट दोनदा चालून पाहिली. ॲप कुठेच चुकत नव्हतं. मग हा माणूस तिथे करतो काय?

आज ती गुपचूप त्यांच्या मागे गेली. तिच्याही कानात ॲप म्हणालं, "उजवीकडे वळा." काका डावीकडे वळले, थेट वॉर्डाच्या बंद दारापाशी गेले आणि पांढऱ्या काठीने दार हळूच वाजवलं.

आतून कुणीतरी पेल्यावर चमचा वाजवला.

"काका, आत कोण आहे?"

ते दचकले. मग मास्कमधूनच म्हणाले, "तुझी काकू. स्ट्रोकने वाचा गेलीय तिची. फोनवर तिला बोलता येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर मला दिसत नाही."

दुपारी मॅनेजरचा फोन आला. "अजून तोच वॉर्ड? तू स्वतः चेक केलंस का?"

"आजच त्यांच्या मागून चालून आले," तनया म्हणाली. "त्या दारापाशी नकाशा अजून चुकतोय."