भुयारातली म्हातारी

"खेळाडूंच्या कौलास मान देऊन संगणकावरील साहसखेळातील वाट दाखवणाऱ्या म्हातारीचे पात्र वगळले आहे," असे कंपनीने जाहीर केले. बहुवचन बहुधा आदरार्थी असावे; कारण खेळ तपासणारा खेळाडू एकच होता आणि तोही म्हातारीला आवाज देणाऱ्या नटीचा सख्खा भाचा. "म्हातारी बिनकामाची; भुयारात सारखा दरीत पडतो," हा त्याचा शेरा म्हणजेच तो कौल. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर नटीचा आवाज कायमचा बसला होता. पूर्वीचा उरला होता केवळ त्या पात्रात. ती थेट भाच्याच्या टेबलापाशी गेली आणि घोगऱ्या कुजबुजीत म्हणाली, "अरे दीडशहाण्या, 'डावीकडे वळ रे बाळा' असं म्हातारी कळवळून सांगते ना भुयारात? तरी दरीतच कसा पडलास?" भाच्याने मान खाली घातली. "आत्या, खेळाचा आवाज मी बंदच ठेवला होता गं, कानांत माझी गाणी चालू होती."