सातवा प्रश्न

“पुन्हा सातवाच!” मॅनेजर शेखरने टॅब्लेट प्राजक्तासमोर सरकवला. पहिल्या शिफ्टच्या एकूण एक कामगाराने सातव्या प्रश्नाचं उत्तर चुकवलं होतं.

चाकणच्या त्या कारखान्यात दर सोमवारी पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर उभं राहण्याआधी टॅब्लेटवर सुरक्षेची चाचणी द्यावी लागे. ती ट्रेनिंग विभागातल्या प्राजक्ताने तयार केलेली. सातवा प्रश्न त्यात सगळ्यांत सोपा. प्रेसमध्ये पत्रा अडकला, तर आधी काय कराल? मशीन बंद करू, की हाताने पत्रा ओढू? पूर्वी तो कोणाचाच चुकत नसे. आता महिनाभर सगळे उत्तरात हात घालत होते.

“उद्या ऑडिट आहे, मॅडम. ट्रेनिंग घेतलेली माणसं हात घालतो म्हणतायत, हे कोणत्या तोंडाने दाखवू? दुसऱ्या शिफ्टलाही हेच झालं, तर तुमची चाचणी काढतो आणि एजन्सीची तयार बसवतो.”

प्राजक्ताने पडद्यावरच्या लाल नावांवरून बोट फिरवलं. तिच्या चाचणीत अण्णांचा आवाज होता. अण्णा म्हणजे तिचे वडील कोंडाजी, पुनावळ्याचे, याच कारखान्याच्या प्रेस विभागाचे फोरमन. महिन्यापूर्वी ते झोपेतच गेले. घरी त्यांचा फोटो होता, फोटोला हार होता. इथे ते अजून कामावर होते.

प्रश्न तिने पुन्हा पुन्हा बदलून पाहिला होता. अक्षरं मोठी केली, चित्र घातलं. तपासताना आवाज मात्र बंद ठेवला. तो ऐकायचं बळ तिच्यात नव्हतं.

दुपारी ती थेट प्रेस विभागात गेली. अण्णांच्या हाताखाली तयार झालेला इनायत दुसऱ्या शिफ्टसाठी हातमोजे चढवत होता.

“इनायतभाई, पाया पडते तुमच्या. एवढं सोपं उत्तर का चुकतंय? चाचणी काढून टाकणारेत. अण्णाही जातील तिच्याबरोबर.”

इनायतने मान खाली घातली. “चुकत नाही, ताई. चुकवतो. बरोबर दिलं की नुसती घंटी वाजते. चूक दिलं की अण्णा ओरडतात. सातव्याला तर लई ओरडतात.”

तिला रेकॉर्डिंगचा दिवस आठवला. बरोबर उत्तरासाठी अण्णांनी काही रेकॉर्डच केलं नव्हतं. तिने तेव्हा किती आग्रह केला. “बराबर केलं, त्यात काय सांगायचं?” म्हणून ते उठून गेले होते.

आवाज ठेवायचा, तर तो कोणी ऐकायचा नाही. “आता सगळ्यांनी बरोबरच उत्तर द्या,” ती म्हणाली.

“ऑडिटपुरतं, की कायमचं?” इनायतने विचारलं.

“कायमचं.”

त्याने हातमोजा घट्ट ओढला. “सांगतो सगळ्यांना.”

संध्याकाळी पडद्यावर दुसऱ्या शिफ्टची सगळी नावं हिरवी झाली. “बघा, मनावर घेतलं की जमतं! राहू दे तुमचीच,” म्हणत शेखर कॅन्टीनकडे गेला.

प्राजक्ताने टॅब्लेट जवळ ओढला. स्वतःच्या नावाने चाचणी उघडली. सातव्या प्रश्नाला ‘हाताने पत्रा ओढू’ हे उत्तर दिलं आणि आवाज पूर्ण वाढवला.

“आरं, काढ हात! घरी कुनी वाट बघतंय का न्हाई तुजी?”